ताईच्या नावाचा किडा

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा घसा कसा आहे? (औषधापेक्षा बोलणं कमी केलं तर लवकर बरा होईल, पण हे माझं नाव घेऊन सांगू नकोस.) मी ठणठणीत आहे. वजन दोन किलोंनी उतरलंय, ते मात्र व्यायामाने नव्हे, धास्तीने.

तुमच्या ओढ्याकडच्या खिडकीत सापडलेला तो तांदळाच्या कणीएवढा, केसाळ पंखांचा कॅडिसफ्लाय नव्या जातीचा निघाला, हे तू एव्हाना शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगितलंच असशील. या किड्यांचं असं आहे की वरून सगळे सारखे. ओळख पटते ती फक्त नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकावरून. (शिक्षकखोलीत कुणी खोलात शिरलं, तर 'सूक्ष्म रचनेवरून' एवढंच म्हण.) तिथे दोन बाकदार आकडे असतात. आपल्या किड्याच्या उजव्या आकड्यावर एक जादा काटा होता, जो त्याच्या एकाही भाऊबंदाला नाही. तो दिसला आणि मी त्याच दिवशी तुला शब्द दिला की जातीला तुझंच नाव.

आता 'होता' का म्हणालो ते सांगतो. ते टोक कापून पोटॅशच्या पाण्यात मंद गरम करायचं, म्हणजे मांस विरघळतं आणि काटे-आकडे स्वच्छ दिसतात. एकदा केलं, चित्र काढलं, सगळं झकास. पण मला हौस, आणखी स्वच्छ करू. दुसऱ्यांदा ठेवलं आणि तुझा फोन आला. हे काम किती जपून करावं लागतं, हे मी तुला चाळीस मिनिटं समजावलं. तेवढ्यात पाणी आटलं, तळाला काळा डाग उरला. आणि अंगवळणी पडलेल्या टापटिपीमुळे मी तो घासूनही टाकला. आता बाटलीत पंख आहेत, पाय आहेत, डोकं आहे; पण त्यावरून तो कोण हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

आमच्या विभागप्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या, "चित्र सुरेख आहे. पण संग्रहालयात चित्र ठेवून जात सिद्ध होत नाही." महिन्याभरात दुसरा नर मिळाला नाही, तर लेख रद्द आणि तुझं नावही. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन; तुला तोंड कसं दाखवू ते कळत नाही. फार वाईट वाटतंय, ताई.

लहानांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या खिडकीत दिवेलागणीला बल्ब लाव, खाली पसरट भांड्यात साबणाचं पाणी ठेव. पडेल ते सगळं स्पिरिटच्या बाटलीत भर. नर-मादी बघत बसू नकोस, मलाही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

ता. क. २. रविवारी बाई स्वतः तिकडे येताहेत. पहिला किडा माझ्या तरबेज नजरेने हेरला, असं लेखात लिहिलंय. तू तो चहाच्या गाळण्यात धरून आणलास आणि मी पेपरातून मान वर न करता "चिलट आहे, फेकून दे" म्हणालो, हा विषय कृपा करून बाईंसमोर काढू नकोस. भावजींना मात्र सकाळीच कुठेतरी लांब पाठव. तो किस्सा ते फार रंगवून सांगतात, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नसतं.