स्पर्धेची तपासणी

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे. प्रयोगशाळेत नवा सूक्ष्मदर्शक आलाय, पण अजून खोक्यातच आहे.

गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, "ए शास्त्रज्ञ, ती कवितास्पर्धा खरी आहे की नुसतंच गाजर? जरा बघून सांग." मी "बघते" म्हणाले होते. परवा तू फोनवर पुन्हा विचारलंस, आणि तुमच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या त्या बाईवरची कविता पाठवायला काढून ठेवली आहे, असंही म्हणालीस. म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं.

मी तेव्हाच बघितलं होतं.

पाणी तपासणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेवर भरवसा ठेवायचा का, हे ठरवायला आम्ही तिथे दोन बाटल्या पाठवतो. एकीत खराब पाणी, दुसरीत चांगलं. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त आम्हाला माहीत. स्पर्धेचंही मी तसंच केलं. खराब कविता स्वतः लिहिली, 'तारा, वारा, किनारा' सगळं कोंबून, आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या नावाने पाठवली. तिला विचारून. कविता परत आली. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "यमकं जुळली. आता कविता लिहा." मैत्रीण दोन दिवस बोलली नाही. "लिहिलीस तू आणि अपमान माझा?" म्हणाली.

चांगली कविता खात्रीची हवी होती. माझ्याकडे एकच होती. तू वाचायला दिलेल्या पुस्तकात, चष्म्याच्या नंबरच्या कार्डामागे लिहिलेली. दर महिन्याला डोळे तपासून घेणारी बाई, जिचा नंबर कधीच बदलत नाही. "आता बरं दिसतंय का?" एवढं कुणीतरी विचारावं म्हणून ती येते. मला कवितेतलं कळत नाही, पण ही मी लागोपाठ चार वेळा वाचली. मी काहीच चार वेळा वाचत नाही.

अर्जावर नाव लागत होतं. माझं घातलं. कवितेचा दुसरा क्रमांक आला.

इथपर्यंत चूक पद्धतीची होती, असं म्हणता येईल. पण सभागृहात माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसून राहू शकले असते. मी उठले. टाळ्या झाल्या. एका बाईंनी विचारलं, "एवढ्या लहान वयात हे कसं सुचलं गं?" मी म्हटलं, "निरीक्षण." स्पर्धेच्या पुस्तिकेतही ती माझ्याच नावाने छापली गेली. आणि वर्षभर मी तुला काही बोलले नाही.

काल आयोजकांकडे गेले. त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे.

"या, या, कवयित्रीबाई!"

"ती कविता माझ्या आत्याची आहे."

त्यांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "आत्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिच्याकडे जायचं ना! माझ्याकडे काय आलात?"

तू हो म्हणालीस तर ते तुझ्या नावाची दुरुस्तीची चिठ्ठी छापून पुस्तिका घेतलेल्या सगळ्यांना पाठवतील. तू नको म्हणालीस तर नाही. मग मी विचारलं, यंदा तीच कविता तुझ्या नावाने चालेल का? परीक्षकांपैकी एक तिथेच बसल्या होत्या. त्या नर्स आहेत.

"छापलेली कविता चालत नाही."

"पण चूक माझी आहे, तिची नाही."

"कळलं. तरी चालत नाही. दुसरी पाठवायला सांगा, मी वाचेन."

मी बराच वाद घातला. त्या हलल्या नाहीत. मला राग आला, आणि तिथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. स्पर्धा लहान आहे. बक्षीस म्हणजे एक बांधीव कोरी वही. पण आलेलं सगळं वाचतात, चांगलं-वाईट ओळखतात आणि कुणी रडवेलं झालं म्हणून नियम वाकवत नाहीत. तेव्हा भाग घ्यावा. मुदत तीस तारखेची आहे.

फक्त, तुझी सगळ्यात चांगली कविता मी बाद करून ठेवली आहे.

वही सोबत पाठवते आहे. एकही पान वापरलेलं नाही.

एक विचारायचं आहे. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. नंबर बदललेला नाही, हे तू त्या बाईंना कधी सांगितलंस का? की तूही दर महिन्याला नव्याने तपासतेस?

जिच्या नावावर तुझी कविता आहे ती,
तुझी भाची