न सडलेली कोळंबी

महाल, नागपूर
३ फेब्रुवारी

ती. स्व. मधुकरदादास,
प्रेमिलाचा नमस्कार. रत्नागिरीच्या दमट हवेत तुझा गुडघा आणि वहिनीचं पित्त, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे माणसं ठीक आहेत, फ्रिज मात्र हातचा गेला.

तुझी भाची दामिनी दोन वर्षांपासून संत्र्याच्या सालींवर पीएचडी करते आहे, हे तुला ठाऊकच आहे. काटोलच्या बाजारापासून आमच्या चौकातल्या ज्यूसवाल्यापर्यंत सगळ्यांनी फेकलेल्या साली पोत्यानं घरी येतात, गच्चीवर वाळतात (माझ्या पापडांना जागा नाही), मग त्यांच्या काढ्यात जस्ताचे क्षार शिजवून ती इतके बारीक कण करते की ते कुणालाच दिसत नाहीत. (मी विश्वासावर आहे.) ते कण घातलेल्या पातळ पापुद्र्यात मासळी गुंडाळली की जंतू मरतात आणि ती टिकते. समुद्र आठशे किलोमीटर लांब, पण मासळीची काळजी आमच्या घराला.

त्यात प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला आणि तू पाठवलेली कोळंबी दोन डब्यांत आमच्या दह्याशेजारी येऊन बसली. एकात पापुद्र्यात गुंडाळलेली, दुसऱ्यात नुसती. नुसती कशाला? तर सडायला! ती सडली तरच पहिलीचं टिकणं खरं, असं शास्त्र आहे म्हणे. रोज दोन्हींतली एकेक नेऊन दामिनी जंतू मोजायची. शुक्रवारी पाहते तर नुसत्या कोळंबीतही जंतू जवळपास तितकेच कमी. पंचवीस तारखेला तिच्या गाईड मॅडमपुढे निकाल मांडायचा, आणि पोरगी जेवत नाही, बोलत नाही, माझा पापुद्राच बिनकामाचा म्हणते. मला या शास्त्राचा भयंकर राग आला आहे. कोळंबी वेळेवर सडली नाही म्हणून माझ्या लेकीनं उपाशी राहायचं?

वहिनीला नमस्कार.
तुझी,
प्रेमिला

ता. क. फोनच केला असता, पण तुझा आवाज फोनबाहेर ऐकू येतो. मंगळवारी मी नुसत्या डब्याचं झाकण उघडलं होतं. वास बदलला होता. डोळ्यांदेखत अन्न नासताना मला बघवेना, म्हणून चिमटीचिमटीनं बरंच मीठ टाकून हलवून ठेवलं. तेव्हा बारा तारखेच्या आत बर्फातली किलोभर कोळंबी धाड, आणि दामिनीला काही बोलू नकोस. मी तिच्या कामाची माती केली, हे तिच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटते.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच सांगून टाकलं; तिचं भरलेलं ताट परत उचलवेना. वाटलं, घर डोक्यावर घेईल. तर एकदम उठली. "किती मीठ टाकलं होतं तू? मी रागावून नाही राहिली आई, बरोबर सांग." आता मिठाचा तिसरा डबाही करायचा आहे, तेव्हा कोळंबी दोन किलो पाठव. सकाळपासून मला काट्यावर चिमटी टाकायला लावते आहे. पाच वेळा टाकली, पाचही वेळा वेगळी भरली. वहीत लिहिलंय, आईचा हात भरवशाचा नाही. सव्वीस वर्षं याच हातचं जेवली.