पाहुण्या मेंढ्यांचे कान

प्रिय पाकेर,

माझ्या लग्नात तू मेंढी दिलीस आणि आपल्या मासाई रीतीप्रमाणे आपण एकमेकींच्या पाकेर झालो, मेंढीवरून जडलेल्या मैत्रिणी. मिशनच्या सिस्टर कॉन्सोलाटा लग्नाला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाप्तिस्म्याला संतांची इतकी सुंदर नावं दिली, अन् तुम्ही पोरी मेंढीवरून हाका मारता!" तू लगेच म्हणालीस, "सिस्टर, संतांना मेंढीसारखी चरबीची शेपटी कुठे असते?" त्यांचं हसू मला अजून आठवतं.

इकडे सगळे बरे आहेत. आमच्या घरधन्यांचा, सैतोटींचा, गुडघा दुखतो, तोंड मात्र ठणठणीत. सीमेवर नामांगाच्या नाक्यावर आता मोठी इमारत झाली आहे. मेंढ्या पूर्वीसारख्याच कुठूनही तुमच्या टांझानियात जातात आणि परत इकडे येतात.

म्हणूनच तर दोन्ही सरकारांनी एकाच दिवशी लस टोचायचं ठरवलं. तुमच्याकडेही तेव्हा जनावरांचे डॉक्टर आले असतील. टोचलेली मेंढी ओळखू यावी म्हणून डॉक्टर कानाला छोटी खाच पाडत होते. आमच्या सगळ्या मेंढ्या टोचून झाल्या. माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या मात्र सैतोटींनी आधीच ओढ्यापलीकडे हाकल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, पाहुण्या मेंढीच्या कानाला कात्री लावतेस? उद्या तुझ्या पाकेरचा, तेरेसियाचा नवरा येऊन म्हणेल, कानावरची माझ्या घराण्याची खूण कुणी बिघडवली?" मला ते पटलं. दुसऱ्याच्या जनावराचा कान कापणं म्हणजे चोरीच, हे आपण दोघी लहानपणापासून ऐकत आलो.

थोड्या मेंढ्या तुझ्याकडे, थोड्या माझ्याकडे, म्हणजे एकीकडे रोग आला तरी दुसरीकडच्या वाचतील, म्हणून आपण त्या वाटून ठेवल्या होत्या.

मागच्या महिन्यात एका मेंढीचे डोळे गळू लागले. डॉक्टरांनी डोळ्याचं पाणी कापसावर घेऊन एका पट्टीवर सोडलं. चहा उकळेपर्यंत दोन रेघा उमटल्या. सूनबाई म्हणाली, "अगंबाई, ही तर दिवस गेल्याची पट्टी!" डॉक्टरही हसले. मग म्हणाले, मेंढ्यांची बुळकांडी आहे, जिची लस टोचली होती तीच. त्यांनी तिथूनच तुमच्या लोंगिडोच्या डॉक्टरांना फोन केला. त्या दोघांची बोलायची ढब वेगळी, पण रोगाचं नाव दोघांनाही कळलं.

टोचलेल्या सगळ्या उभ्या आहेत. तुझी एकही राहिली नाही, पाकेर. पांढऱ्या तोंडाची शेवटी गेली. मी तिच्याजवळ बसले होते.

थोरला म्हणतो, फोन करून सांग. पण तू 'हॅलो' म्हणालीस की मी सैतोटींच्या गुडघ्याबद्दलच बोलत बसेन, म्हणून हे पत्र बसवाल्याकडे देते आहे. लोंगिडोचे डॉक्टर गुरुवारी तुमच्या बोमात, वस्तीवर, पुन्हा येणार आहेत. माझ्या मेंढ्या तूही लपवल्या असशील, हे मी न विचारताच सांगते. माझा मान राखायला तू आणखी काय करणार? या वेळी त्या पुढे आण. आणि टोचायच्या आधी त्यांच्या कानांवर तुझ्या घराण्याची खूण कर, म्हणजे त्या पाहुण्या उरणार नाहीत. सैतोटींना मी सांगितलंय. त्यांनी उठून सुरीला धार लावून आणली. ती पत्रासोबत पाठवते आहे.

तुझीच, आणि आता एकाच कळपाची,
फिलोमेना