मामानं घेतलेली बाटली

आई, ओहायोहून सेरवाचा तुला नमस्कार.

मी बरी आहे. तू पाठवलेला शितो, तुझ्या हातचा मिरचीचा ठेचा, भाताबरोबर पुरवून पुरवून खातेय. तुझे गुडघे कसे आहेत?

मी घटस्फोटाचा अर्ज दिला. त्यावर बाफूर कोर्टात काय म्हणाला ऐक. "हिच्याशी माझं लग्न झालंच नाही. कागद कुठाय?" इतकी वर्षं माझ्या हातचं फुफू गिळलं, आणि आता घरात वाटा द्यायला नको म्हणून मी त्याची कुणीच नाही.

वकीलबाई म्हणतात, मोडायचं तर आधी लग्न झालं होतं हे दाखवा. बाफूरच्या माणसांनी आणलेली दारूची बाटली यिआदोममामानं आपल्या अंगणात स्वीकारली आणि आपल्या रीतीनं लग्न लागलं, एवढंच त्यानं शपथेवर लिहून द्यायचंय. तर तो फोनवर म्हणतो, "सहन कर पोरी, घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस."

त्याला आठवण करून दे. बाटली हातात घेण्याआधी त्यानं साऱ्या गावासमोर मला तीनदा विचारलं होतं, "घेऊ ना?" पुढे कुणाला नाकारता येऊ नये, म्हणूनच विचारतात ना तीनदा? मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

ती बाटली परत करून लग्न मोडू का, हे मात्र मला अजून कुणी एकदाही विचारलेलं नाही. तूसुद्धा नाही.

तुझी लेक,
सेरवा