तिसरा अर्ज

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

चि. सौ. कां. सुवर्णाताईस,

दचकू नकोस. मोठ्या बहिणीला चिरंजीव म्हणण्याचा आगाऊपणा मी पूर्ण शुद्धीत केला आहे. भाऊजी गेल्यावर तुझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला माझा हात कधी वळला नाही, आणि 'सौ.' अठ्ठावीस तारखेनंतरच लिहिता येईल. तोवर नवऱ्या मुलीच्या नावाआधी जे छापतात तेच तुला.

इकडे सगळं ठीक. बर्फ गुडघ्याएवढा आहे. चारुदत्त रोज सकाळी फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करतो आणि कंबर धरून आत येतो. नेत्रा कॉलेजात मजेत आहे. तुझ्या एकनाथरावांचा फोटो पोचला. माणूस बरा दिसतो. रोज बागेत व्यायामाला येणाऱ्याच्या मानाने पोट जरा सुटलंय, पण ते तुझ्या पाटवड्यांमुळे असेल तर माझी तक्रार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. 'तुलाही हे लग्न पसंत नसेल तर तसं सांग, रजेचं निमित्त नको.' मी ती ओळ वाचून पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, म्हणजे दूध काढताना दरवेळी टोचेल. आणि काल पुण्याहून मोरेश्वरदादाचा फोन.

"पद्मा, तू येत नाहीयेस ते उत्तम केलंस. तिला तेवढं तरी कळेल. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, पद्मिनीलाही हे पसंत नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? येत नाहीस, त्यात आलं सगळं. सत्तावन्नाव्या वर्षी कसली लग्नं करता?"

"अठ्ठावन्नाव्या वर्षी केलेलं चालेल का दादा? तिला थोडं थांबायला सांगते."

त्याने फोन आपटला. त्याचाच कॉल होता, त्याचंच बिल.

तर स्पष्ट सांगते. रजेची गोष्ट खोटी होती. ताई, मला रजा मिळत नाही असं नाही, मला रजेशिवाय दुसरं काही मिळतच नाहीये. नोव्हेंबरात कंपनीने आमचा टेस्टिंगचा अख्खा विभाग बंद केला. मला एक खोका दिला. त्यात माझा कप, नेत्राचा फोटो आणि टेबलावरचा छोटा गणपती. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने गणपती उलटा करून पाहिला, कंपनीचा शिक्का आहे का म्हणून. मी म्हटलं, नीट बघा, बुद्धीची देवता आहे, तुमच्या मॅनेजमेंटची नसणार.

तुला कळवलं नाही, कारण इथेही कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात नोकरी कुणाचीच जात नाही. माणूस 'कन्सल्टिंग' करू लागतो. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही पाचजणी कन्सल्टिंग करत होतो. सल्ला द्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

इथे बेकारभत्ता मिळतो. मी इतकी वर्षं नोकरी केली, तेव्हा तो घ्यायला मला लाज नाही. पण अटी आहेत. दर आठवड्याला तीन ठिकाणी काम मागायचं, कुठे गेलात आणि कुणाशी बोललात ते नोंदवायचं. आणि दर रविवारी फोन करायचा. फोनवर यंत्रातली एक बाई गोड आवाजात विचारते, या आठवड्यात तुम्ही रोज कामासाठी उपलब्ध होतात का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर नऊ. देश सोडून गेलात तर उपलब्ध नाही, आणि उपलब्ध नाही तर त्या आठवड्याचा भत्ता नाही.

म्हणजे बघ, नोकरी होती तेव्हा नोकरी होती म्हणून येता येत नव्हतं. आता नाही, तर नाही म्हणून येता येत नाही.

दर आठवड्याला नवी तीन ठिकाणं कुठून आणायची? इंजिनियर घेणाऱ्या कंपन्या स्वतःच इंजिनियर फेकताहेत. मग मी जमेल तिथे विचारू लागले. डोनटच्या दुकानातला पोरगा माझा रेझ्युमे वाचून म्हणाला, मॅम, यू आर ओव्हरक्वालिफाइड. आपल्या शिवच्या किराणा दुकानात गेले. तो साताऱ्याचा, मला काकू म्हणतो.

"काकू, काय यार मस्करी करता! तुम्ही गल्ल्यावर बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हिशोब बरोबर येतो."

त्याने मला बसवून चहा पाजला, कढीपत्त्याची जुडी फुकट दिली आणि मी निघताना हळूच म्हणाला, "माझं नाव कुठे लिहू नका हं." मी लिहिलं. नियम तो नियम.

भत्ता चालू ठेवायचा तर नोकरी कशी शोधावी याच्या वर्गालाही बसावं लागतं. डेबी नावाची बाई शिकवते. मनाने चांगली, पण सारखं एकच, स्वतःला विका, स्वतःला विका. मला पुढे बोलावून तिने खोटी मुलाखत घेतली. म्हणाली, आम्ही तुम्हालाच का घ्यावं? आता आईने आपल्याला स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायला कधी शिकवलं का? मी म्हटलं, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं कुणी असेल तर त्यांना आधी घ्या, मी थांबते.

अख्खा वर्ग हसला. डेबीने कपाळाला हात लावला.

आणि मी हे अगदी सभ्यपणे म्हटलं होतं ग! आपल्याकडे पाहुणा दोनदा 'नको नको' म्हणतो, मग यजमान तिसऱ्यांदा आग्रह करून वाढतोच. त्या भरवशावर आपण नको म्हणतो. इथे एकदा नको म्हटलं की पातेलंच उचलून नेतात. माझ्यासारख्या कितीजणी अशा उपाशी उठल्या असतील कोण जाणे.

काल दादाने फोन आपटल्यावर मला हे आठवलं. तूही मला दोनदाच विचारलंस. दोन्ही वेळा मी रजेचं सांगितलं, आणि तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. उलट लिहिलंस, 'रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन झाले. तिसरं तुझं नाव मनात धरलं होतं, आता शेजाऱ्यांना सांगते.' ताई, तू नागपुरात राहून अमेरिकन कधी झालीस?

तर या आठवड्याचा हिशोब. पहिला अर्ज श्रूजबरीत, दुसरा वूस्टरात, दोन्हीकडून अजून हूं की चूं नाही. तिसरा अर्ज हे पत्र. पद, साक्षीदार. ठिकाण, नागपूरचं विवाह नोंदणी कार्यालय. पगार नाही. आम्ही तुम्हालाच का घ्यावं? तर ऐक, डेबीकडून शिकले आहे. अर्जदार तुला जन्मापासून ओळखते. भाऊजींच्या मागे तू एकटीने जेवायचा कंटाळा करून चहापोळीवर रात्री काढल्यास, हे तिला ठाऊक आहे. तिची सही सुवाच्य आहे. आणि कार्यालयाच्या दारात मोरेश्वरदादा आडवा आला तर त्याला बाजूला करण्याचा तिला लहानपणापासूनचा अनुभव आहे. माझ्यापेक्षा चांगलं कुणी असेल तर? नाही. कुणी नाही. शेजाऱ्यांना पेढे दे आणि परत पाठव.

भत्त्यात हा अर्ज मोजला जाणार नाही, ठाऊक आहे मला. मी तो नोंदवणारही नाही, यंत्रातल्या बाईशी खोटं बोलायला माझं काही अडलेलं नाही. त्या दोन आठवड्यांसाठी ती विचारेल, कामासाठी उपलब्ध होतात का? मी नऊ दाबणार. घर तेवढे दिवस चारुदत्तच्या पगारावर चालेल. तो म्हणाला, "आत्ता, अशा वेळी?" नेत्रा मागून ओरडली, "बाबा, शी इज गोइंग!" विषय संपला. तिकिटाचीही काळजी नको. कंपनीने मला वर्षानुवर्षं विमानांतून फिरवलं, त्याचे फुकट तिकीट मिळवून देणारे मैल माझ्या नावावर साठलेत. ते काढून घ्यायला सिक्युरिटीवाला विसरला.

मंडळातही सांगून टाकणार आहे. कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणेन, नोकरी गेली आणि बहिणीचं लग्न आहे.

पंचवीसला पोचते. स्टेशनवर एकनाथरावांना पाठव, पोटावरून ओळखीन. आणि दादाला आजच कळव की पद्मिनीला हे लग्न पसंत आहे आणि ते ती सरकारी कागदावर सही करून सांगणार आहे.

तुझी,
अठ्ठावीस तारखेला दुसऱ्या कुठल्याही कामासाठी उपलब्ध नसलेली,
पद्मा