महाशत्रूविरुद्ध चार मैल

दिग्रस,
१९ जानेवारी १९६०

सौ. विमलताईस धाकट्या शकूचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नागपूरच्या थंडीत जास्तच कुरकुरत असतील. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. वाटेत त्याची ढेप झाली असेल तर बत्त्याने फोड, आणि तरीही गोड बोल. इकडे सगळे खुशाल. हे कापसाच्या जिनाच्या हंगामात बुडालेले आहेत (केसांत सरकी, ताटात सरकी), आणि मी घरात आहे की नाही हे त्यांना जेवायच्या वेळीच कळतं.

तर परवा रविवारी तुझी बहीण चार मैल चालली. हसू नकोस. आमच्या महिला मंडळाने पदयात्रा काढली होती. मुंबईला एका रोगावर संशोधन चालू आहे, त्याला मदत म्हणून. रोग कोणता, तर खेकड्यावरून ज्याचं नाव पडलंय तो. मंडळात त्याचं नाव कोणी घेत नाही. पाटीवर काय लिहायचं यावर तीन बैठका झाल्या. एकीचं म्हणणं, संक्रांतीच्या दिवसांत असलं अक्षर डोक्यावर मिरवायचं नाही. दुसरीच्या घरी लग्न ठरलेलं. शेवटी अध्यक्षीणबाईंनी तोडगा काढला आणि पाटी रंगली: 'मानवजातीच्या महाशत्रूविरुद्ध महिलांची पदयात्रा'. मी मनातल्या मनात खूप हसले. (मोठ्याने नाही, कारण मी चिवड्याच्या समितीत होते.)

मी का गेले ते फक्त तुला सांगते. चालणं जिथे संपतं त्या बंजाऱ्यांच्या तांड्याच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई बायकांना तपासणार होत्या. मला त्यांना एक विचारायचं होतं. डाव्या काखेच्या खाली, छातीकडे, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी हाताला लागतं. दिवाळीपासून. दुखत नाही. (दुखत असतं तर यांना सांगितलं असतं. न दुखणारं कसं सांगायचं?)

पुढे जीपमध्ये अध्यक्षीणबाई (पदयात्रेला दिशा हवी म्हणून), मागे त्यांची धूळ खात आम्ही बावीस जणी, बहुतेक संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेत. कापसाच्या बैलबंड्या बाजूला घेऊन गडी आमच्याकडे बघत उभे राहायचे. दीड मैलावर दोघींच्या चपला तुटल्या, म्हणून त्या जीपमध्ये बसल्या. मग चपला तुटण्याची साथच आली. तांडा दिसला तेव्हा पायी आम्ही नऊ जणी उरलो होतो. जीपमध्ये कोण कुठे बसलं होतं ते विचारू नकोस.

तांड्याच्या तोंडाशी तिथले मुखिया धावजी नाईक डफ वाजवणारे घेऊन उभे. पाटीवरून त्यांना काही उमगलं नाही, पण बाया पायी आल्या म्हणजे भूदानाच्याच, हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, "बाई, टेकडीखालचं अर्धा एकर लिहून घ्या. गोटे हायेत, पन जमीन हाय." जमीन नको म्हटल्यावर नाईक दुखावले. "कायले नको? मागच्या साली त्या लोकायनं त याच्याहून खराब घेतली!" अध्यक्षीणबाईंना होही म्हणवेना आणि पुन्हा नाहीही म्हणवेना, तेव्हा त्यांनी महाशत्रूवर वीस मिनिटं भाषण केलं. महाशत्रू म्हणजे सावकार असं समजून तांड्याने टाळ्या वाजवल्या.

मग नाइकांची बायको हंसाबाई पाण्याचा हंडा खाली ठेवून म्हणाली, "पन बाई, रोग कोन्ता? नाव काय त्याचं?"

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "दुर्धर."

"असा नाही आयकला. माह्या सासूले गाठ होती, इथंच." आणि तिने सगळ्यांसमोर स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मायबाई कोनाले बोलली नाही. फुटली तवा कळलं. तोच का?" अध्यक्षीणबाई पदर सारखा करू लागल्या. "तोच ना? मंग नाव घ्याले काहून भेता? नावच नाही घेत, त मदत कोन्या तोंडानं मांगता?"

ताई, तिच्या पाया पडावंसं वाटलं मला. ठरवलं, आता सांगायचंच.

शाळेत माझी पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी इतक्या मायेने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" मागे एकवीस जणींचे कान. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "खोकला."

बाटली मिळाली. औषध गुलाबी आहे, बडीशेपेसारखं लागतं. खोकला नसल्यामुळे गुण लगेच आला.

नाईक शेवटपर्यंत हटले नाहीत, त्यामुळे तो अर्धा एकर आता मंडळाच्या गळ्यात आहे. तिथे काय पेरावं हे ठरवायला समिती नेमली असून मी तीत आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शकू

ता. क. पुढच्या बुधवारी मोटारीने तुझ्याकडे येते. तुझे गुडघे फार बिघडलेत असं यांना सांगितलं आहे, तेव्हा उत्तर जरा लंगडतच लिही. मला मोठ्या दवाखान्यात घेऊन चल. डॉक्टरांसमोर माझ्या शेजारी बस, आणि मी 'खोकला' म्हणाले तर तू बोल.

आणखी एक. पाकीट बंद करण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. मंडळाला एवढी हसले, आणि चार पानांत मीही ते नाव कुठे लिहिलेलं नाही. थांब, लिहिते. कॅन्सर. (शाई पसरली आहे तिकडे लक्ष देऊ नकोस, टाक खराब झालाय.)