तांड्यावरचा गडी

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी, पत्रं लिहायची सवय नाही. पण हे कुणाला तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

तो मंगरूळपीरच्या बाजाराचा दिवस मला आठवतो. सकाळीच तुम्ही माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. बैलगाडीनं परतताना रस्त्याच्या कडेला एक माणूस पालथा पडलेला. मी म्हणतो, "बाबा, गाडी थांबवा ना." तुम्ही बैलांना बाजूनं काढता. "तांड्यावरचा हाय. पेऊन पडला असन. माळकऱ्यानं त्याले शिवू नये." त्याला काय झालं होतं हे तुम्ही पाहिलं नाही, आणि पुढं मीही कधी विचारलं नाही. माळेबरोबर ते वाक्यही मी घालून घेतलं. तुम्ही वाईट नव्हता. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं कुणी दारात आलं तर उपाशी पाठवलं नाहीत. फक्त त्यांच्याबद्दल सगळं आपल्या घरात आधीच ठरलेलं असायचं.

गेल्या भादव्यात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी चालली होती. फवारायला तांड्यावरचा एक गडी यायचा, पस्तिशीचा, अबोल. ऊन भाजत होतं, वारा नव्हता, पऱ्हाटी छातीएवढी झालेली. दुपारी तो पंप पाठीवर घेऊनच डुलत डुलत धुऱ्याच्या बांधावर आला, लिंबाखाली बसला आणि ओकला. "भाऊ, डोळ्याले अंधारी येऊन राह्यली."

मी म्हटलं, "काहून गा, दुपारीच लावली काय?"

पलीकडं निंदणाऱ्या बाया हसल्या. एक म्हणाली, "तांड्यावरचा गडी तो! त्याले अंधारी नाही तं काय चांदनं दिसन?" मीही हसलो. त्यानं हातानं नाही-नाही केलं, पण जीभ जड झाली होती, आणि जड जिभेचा आम्हाला एकच अर्थ माहीत. "पडू द्या, उतरली का उठन," म्हणून मी वावराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. दोन तासांनी बायांनी हाक मारली तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. शेलूबाजारहून जीप बोलावली. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध अंगात भिनलंय, लवकर आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

इतका वेळ काय केलं, असं जो तो विचारू लागला. मी म्हणालो, त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. एवढं म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारलंच नाही, बाबा. गावात, पोलिसांच्या चौकशीत, सगळ्यांनी माना हलवल्या. कागदावर तसं लिहिलं गेलं आणि खाली माझी सही झाली. ज्या समजुतीनं त्याचा जीव घेतला, तिनंच मला सोडवलं. आता त्याच्या पोरींना शाळेत पोरं म्हणतात, तुमचा बाप पेऊन फवारत होता.

परवा त्याची बायको आली. ओट्यावर बसली नाही. माझ्या बायकोनं चहा पुढं केला, तोही घेतला नाही.

"भाऊ, मी भांडाले नाही आली. बारा वर्सं त्याच्यासंग राह्यली, त्याच्या तोंडाले मले कधी वास नाही आला. मोठी पोरगी रोज इचारते, मा, बाबा खरंच पेत होता काय? तुमी माळकरी मानूस. माळकरी खोटं नाही बोलत. तुमाले खरंच वास आला होता काय?"

मी देवघराकडं पाहिलं, मग खाली जमिनीकडं. म्हटलं, "आला होता, बाई."

"मंग असन," ती म्हणाली, आणि पदर सावरून चालू लागली. मी हाक मारली असती तर फाटकापाशी ऐकू गेली असती.

तेव्हापासून जपाला बसतो तेव्हा नुसते ओठ हलतात. मणी सरतात, पण कुणाचं नाव घेतोय ते कळत नाही. हे लिहिलेलं खरं तर तिच्याकडं जायला हवं. तांडा इथून अर्ध्या कोसावर आहे. पण मी तुम्हालाच लिहितो, कारण तुम्ही काही विचारणार नाही.

बाबा, मला वास आला नव्हता. येणार कुठून? मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. जवळ गेलोच नव्हतो.